तळटीप : दारू आणि कामजीवन
* लेखकाने उल्लेखिलेला अभ्यास बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधील बिजिल सायमन अराकल आणि विवेक बेनेगल यांचा, तो २००७ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. दारूच्या व्यसनावर उपचारांसाठी दाखल झालेल्या १०० पुरुषांपैकी ७२ टक्के जणांमध्ये शीघ्रपतन, कामेच्छा मंदावणे, ताठरता न येणे यांसारखी किमान एक तक्रार आढळली. दारूने पुरुषत्व वाढते हा समज किती पोकळ आहे, हे यातून दिसते. यावर आक्षेप असा, की तक्रार आधीची असेल आणि ती विसरायला माणूस पिऊ लागला असेल. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. पण दारूचे प्रमाण हाच या तक्रारींचा सर्वांत ठळक निदर्शक ठरला, हे विसरून चालणार नाही. हे रुग्ण रुग्णालयात दाखल झालेले होते, त्यामुळे हीच टक्केवारी प्रत्येक पिणाऱ्याला लावता येणार नाही. तरीही कारण आधीचे असो वा नंतरचे, विचारल्याशिवाय ते कळत नाही, आणि संकोचापोटी रुग्ण आपणहून बोलत नाही. म्हणून व्यसनमुक्तीच्या पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी कामजीवनाविषयी विचारलेच पाहिजे. — संपादक