तिकीट आणि टांगा

प्रवासाची चर्चा आपल्याकडे दोन मापांनी होते : वेळ आणि पैसा. रेल्वे स्वस्त पण रखडणारी, मोटार सोयीची पण खर्चाची, विमान झटपट पण आवाक्याबाहेरचे, एवढे म्हटले की विषय संपतो. हा हिशेब खोटा नाही. परंतु तो मांडणाऱ्याला, आपल्याला गाडीत घेतील की नाही, हा प्रश्न कधी पडलेला नसतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना तो पडला त्यांनी तिसरे माप हातात घेतले पाहिजे. गाडीत चढण्यापूर्वी जात विचारली जाते काय? आणि विचारण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो?

हे माप लावून पाहायला बुलढाणा जिल्हा सोयीचा आहे. आमच्याकडे जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या तोंडी आहेत : घाटाखालचा आणि घाटावरचा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळंब, शेगाव ही मुंबई-नागपूर लोहमार्गावरची स्थानके. जळंबहून खामगावला गेलेला छोटा फाटा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. तिथे रूळ नाही. खुद्द जिल्ह्याच्या ठिकाणाला स्टेशन नाही. मलकापूरला उतरायचे, मोताळा मागे टाकायचे आणि राजूरचा घाट चढायचा. मी घाटावरचा. आमच्या घरात 'गाडी' म्हणजे आगगाडी. बाकी सगळ्यांना त्यांची त्यांची नावे होती : बंडी, दमणी, मोटार.

रेल्वे वऱ्हाडात माणसांसाठी आली नाही, कापसासाठी आली. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. वऱ्हाडच्या काळ्या मातीवर लँकेशायरच्या गिरण्यांचा डोळा होताच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथल्या गुलामांच्या हातचा कापूस विलायतेला पोचेना आणि इथल्या कापसाचे भाव चढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ भुसावळकडून मलकापूर-शेगावमार्गे पुढे सरकत १८६७ साली नागपूरला भिडले. खामगावचा फाटा १८७० साली सुरू झाला. त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला होता. कापसाच्या पेठेसाठी व्हाइसरॉय येतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. रूळ कुठे पडले आणि कुठे पडले नाहीत याचे उत्तर त्यात आहे. कापसाची मोठी पेठ घाटाखाली होती.

पहिली गाडी धावल्यावर तीनच महिन्यांनी, जुलै १८५३ मध्ये, कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रासाठी लेख लिहिला. रेल्वेतून उद्योग उभे राहतील आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती विरघळून जाईल, असे त्याचे अनुमान होते. आपल्याकडचे डावे मित्र हा लेख मोठ्या आदराने सांगतात. मलाही तो आवडतो. पण मार्क्सने रूळ पाहिले. त्या रुळांखाली खडी ठोकणारे हात कोणत्या जातीचे राहतील हे त्याला लंडनहून दिसणे शक्य नव्हते.

रेल्वेपूर्वी आमच्या माणसाचे रस्त्याशी नाते काय होते? रस्ता त्याच्या पायाखाली नित्य होता. महार हा गावकामगार. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवणे, वाटसरूला वाट दाखवणे, अंमलदाराचे ओझे शिवेपर्यंत वाहणे, खजिन्याबरोबर चालणे ही त्याची कामे. म्हणजे त्या काळच्या दळणवळणाचा तो कणाच होता. पण तो उतारू नव्हता. तो दुसऱ्याच्या प्रवासाचे साधन होता, बैलासारखा. मला वाटते, आगगाडीने केलेली पहिली खरी उलथापालथ हीच. पैसे मोजून एक कागदाचा तुकडा घेतला की तो बसणार आणि यंत्र त्याला वाहणार. शतकानुशतके जो वाहत होता तो वाहिला जाऊ लागला.

तिकिटावर जात छापलेली नव्हती. इंग्रजांची यात दयाबुद्धी होती असे कोणी समजू नये. कंपनीच्या भागधारकांना हिंदुस्थानच्या तिजोरीतून पाच टक्के व्याजाची हमी होती, आणि उतारूंचे खरे उत्पन्न तिसऱ्या वर्गाच्या खच्चून भरलेल्या डब्यांतून निघत होते. प्रत्येक जातीसाठी वेगळा डबा जोडायचा म्हणजे गाडीला किती डबे लागले असते, याची कल्पनाच करावी! म्हणून डबे पडले ते पैशाचे : पहिला, दुसरा, तिसरा. गोऱ्यांनी स्वतःसाठी मात्र राखीव जागा ठेवल्या. राज्यकर्त्यांनी आपला वर्ण राखला. आमचा वर्ण राखण्याचा खर्च त्यांना परवडणारा नव्हता.

याच काळात अमेरिकेत उलटे घडत होते. तिथे रेल्वेचा डबाच वर्णाने विभागला गेला. लुइझियानात १८९२ साली होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून पकडला गेला, आणि १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. पुढे १९५५च्या डिसेंबरात माँटगोमेरीच्या बसमध्ये रोझा पार्क्सने जागा सोडली नाही आणि काळ्या समाजाने वर्षभर बसवर बहिष्कार घातला. काळ्यांचा लढा गाडीच्या आतल्या जागेसाठी होता. आमचा झगडा बहुतेक वेळा गाडीबाहेर झाला : फलाटावरच्या पाण्याशी, स्टेशनबाहेरच्या वाहनाशी आणि रेल्वेच्या नोकरीशी.

डब्यात सगळे गुण्यागोविंदाने बसत होते असे चित्र मी रंगवणार नाही. शेजारचा 'कोण गाव, कोण लोक?' म्हणून विचारत असे. उत्तर ऐकून पाय आखडून घेत असे. पण तो उठवू शकत नव्हता. घृणा होती, अधिकार नव्हता. या दोहोंतले अंतर ज्याने भोगले आहे त्यालाच ते किती मोठे आहे हे कळते. स्टेशनवर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशा हाका होत. त्या दोन घड्यांपैकी आमचा कोणता, हे रेल्वेच्या कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नव्हते.

आणि नोकरी? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले. भाषणातला दुसरा मुद्दा मात्र कमी सांगितला जातो. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला साधे पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि मास्तर सवर्ण असतो, असे त्यांनी दाखवून दिले. मार्क्सच्या अनुमानाला पंचाऐंशी वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते. श्रमविभागणी विरघळली नाही. तिला गणवेश मिळाला.

आता टांग्याकडे येतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या बाबासाहेबांच्या आठवणी पुस्तिकारूपाने १९९० साली बाहेर आल्या. त्यांतले दोन प्रसंग आपण अस्पृश्यतेच्या दाहकतेसाठी वाचतो. प्रवासाच्या इतिहासासाठीही ते वाचावेत. १९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे निघाला. मसूरपर्यंतचा आगगाडीचा प्रवास ठीक झाला. अडचण उतरल्यावर सुरू झाली. मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला, आणि दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. शेवटी मुलांनी बैल हाकले आणि गाडीवान बाजूने चालला. दुसरा प्रसंग १९२९चा, चाळीसगावचा. सरकारी समितीचे सदस्य, बॅरिस्टर आंबेडकर गाडीतून उतरतात. वस्तीवर न्यायला टांगा आणलेला असतो, पण टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकणार नाही. मग ज्याला हाकता येत नाही असा आपलाच माणूस लगाम धरतो. नदीवरच्या फरशीवर चाक अडकते, बाबासाहेब दगडांवर फेकले जातात आणि पाय मोडतो.

दोन्ही ठिकाणी आगगाडीने माणसाला नेले, आणि जिथे रूळ संपले तिथे जात उभी होती. यावरून रेल्वे पुरोगामी आणि रस्ता प्रतिगामी असे समीकरण कोणी मांडील, तर ते चुकेल. रस्त्याला दोष नाही. टांगा एका माणसाच्या मालकीचा होता; कोणाला बसवायचे हे तो ठरवत होता. रेल्वेत ठरवणारा कोणी एक माणूस नव्हता. म्हणून खरा भेद लोखंड आणि डांबर असा नाही, तो तिकीट आणि मेहेरबानी असा आहे. याचा पुरावा एस.टी. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, पुढे एस.टी.चे जाळे घाटावर पसरले, आणि रस्त्यावरही तिकीट अवतरले. कंडक्टरची पेटी वाजली की पाटलाच्या शेजारी बसता येत होते. आमच्या गावात एस.टी. आली त्या वर्षी म्हातारी माणसे विनाकारण चिखलीला जाऊन येत. त्यांना चिखलीत काही काम नव्हते. बसण्यात काम होते.

घाटावर ज्या गावी एस.टी.च्या फेऱ्या तुटपुंज्या, तिथे काळीपिवळी आणि खाजगी जीप आली. ती वेळेला धावते, दारात थांबते, हे मान्य. पण गावात बहिष्कार पडला की पहिल्यांदा बंद होते ते किराणा दुकान, आणि दुसऱ्यांदा ही जीप. वस्तीतल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला रात्री अकराला कोणाच्या दारात हाक मारायची, हा प्रश्न मी स्वतः ऐकलेला आहे. एस.टी.चा चालक मेहकरचा असतो, त्याला तुमच्या गावच्या पंचायतीशी देणेघेणे नसते. परकेपणा हाही कधीकधी मोठा आधार असतो.

म्हणूनच खामगाव-जालना रेल्वेची मागणी मला व्यापारी मंडळींच्या मागणीहून वेगळी वाटते. शतकभर जुनी ही मागणी. सर्वेक्षणे झाली, घोषणा झाल्या, निवडणुका आल्या आणि गेल्या. घाटावरून अजून एकही गाडी धावलेली नाही. व्यापाऱ्यांना माल हवा, भाविकांना शेगाव हवे. आम्हाला काय हवे ते आम्ही या मागणीत कधी नीट लिहिलेच नाही.

रेल्वे आली नाही. समृद्धी महामार्ग आला. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर. पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. तो घाटावरून, मेहकर-सिंदखेड राजाच्या बाजूने जातो, म्हणजे रेल्वेने वगळलेला भाग त्याने धरला. पण कसा? दुचाकीला मनाई, ॲटोला मनाई, ट्रॅक्टरला मनाई. वस्तीत चारचाकी किती, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतात. ज्याच्याकडे मोटार आहे त्याला काही तासांत मुंबई, आणि ज्याच्याकडे नाही त्याला शेताकडे जायला भुयारी वाट. १ जुलै २०२३च्या मध्यरात्री सिंदखेड राजाजवळ याच मार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे जळून गेली. वेग हवा, पण तो कोणाच्या जिवावर, हा हिशेब प्रवासाच्या फायद्या-तोट्यांत कोणी धरत नाही.

विमानाबद्दल आमच्या लोकांच्या मनात एक वेगळीच आठवण आहे. ऑक्टोबर १९५६ मध्ये बाबासाहेब दिल्लीहून नागपूरला विमानाने आले आणि त्यांची लाखो माणसे रेल्वेने, मालमोटारीने, बैलगाडीने आणि पायी आली. आठ आठवड्यांनी पुन्हा एक विमान निघाले, दिल्लीहून मुंबईला, त्यांचा देह घेऊन. त्यानंतर कितीतरी वर्षे आकाशातून विमान गेले की आमची आजी हात जोडी. आता राज्य सरकारच्या राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीवर आपली मुले विमानाने परदेशी विद्यापीठांत जातात. त्यांच्यातल्या काहींनी त्याआधी लांबचा रेल्वेप्रवासही केलेला नसतो. ही प्रगती खरीच आहे, आणि ती मोजक्यांची आहे.

बाकीच्यांची गाडी डिसेंबरात निघते. सहा डिसेंबरसाठी नागपूरहून मुंबईकडे खास गाड्या सोडल्या जातात. आमच्या जिल्ह्यातली माणसे शेगावला, मलकापूरला चढतात. साधा डबा, दाराशी दाटी, भाकरीचे गाठोडे, मांडीवर पोर. रात्रीतून ही गाडी चाळीसगाव ओलांडते, जिथे टांगा मिळाला नाही. मनमाड ओलांडते, जिथे परिषद भरली. आणि सकाळी दादरला पोचते. घाटावरच्या माणसाला मात्र ही गाडी धरायची तर आदल्या संध्याकाळीच निघावे लागते. एस.टी. चुकली तर राजूर घाटाच्या माथ्यावर उभे राहून येईल त्या वाहनाला हात करायचा. थांबणारा थांबतो आणि कुठे जायचे ते विचारतो. पाच तारखेच्या संध्याकाळी, पांढऱ्या कपड्यांत, 'दादरला' एवढे उत्तर दिले की जात वेगळी सांगावी लागत नाही.