डिकी दुरुस्ती : बंदीवाचून थांबलेले संशोधन

बंदुकीच्या हिंसाचारावर सरकारी पैशातून संशोधन करण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी होती, असे विधान वारंवार वाचनात येते. वास्तविक तशी बंदी कधीच नव्हती. तरीही १९९६ नंतर वीसहून अधिक वर्षे हे संशोधन जवळजवळ ठप्प राहिले. एका वाक्याने आणि २६ लाख डॉलरांनी ते कसे साधले, त्याची ही हकिकत.

साथीचे रोग रोखणारी अमेरिकी सरकारची संस्था म्हणजे अटलांटा येथील सीडीसी. अपघात आणि हिंसा यांतून होणाऱ्या इजांच्या अभ्यासासाठी १९९२ मध्ये तिच्यात स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. डॉ. मार्क रोझेनबर्ग त्याचे प्रमुख होते. रोगाला लावायची तीच पद्धत गोळीबारालाही लावायची, ही त्यामागची दृष्टी : कोण मरतो, कुठे मरतो, कोणत्या परिस्थितीत मरतो आणि काय केल्याने मृत्यू कमी होतात.

१९९३ मध्ये डॉ. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा एक निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. खर्च सीडीसीचा होता. तीन राज्यांतील तीन काउंट्यांत स्वतःच्या घरात खून झालेल्या व्यक्तींची तुलना त्याच परिसरातील तशाच वयाच्या व्यक्तींशी करण्यात आली. बंदूक असलेल्या घरात खून होण्याची जोखीम सुमारे २.७ पट आढळली, आणि ही वाढीव जोखीम बहुतांशी घरच्यांकडून किंवा निकटच्या परिचितांकडून होती. बंदूक चोरापासून रक्षण करते, या लोकमान्य समजुतीलाच हा धक्का होता.

बंदूकधारकांची प्रबळ संघटना नॅशनल रायफल असोसिएशन खवळली. आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. ज्यांना आधीच धोका वाटतो तेच लोक बंदूक घेतात, मग कारण कोणते आणि परिणाम कोणता, असा प्रश्न टीकाकारांनी विचारला. सीडीसीच्या अधिकाऱ्यांनी बंदुकीची तुलना सिगारेटशी केली होती, तेही विरोधकांच्या पथ्यावर पडले. मात्र सदोष संशोधनाला उत्तर अधिक चांगल्या संशोधनाने देता येते. संघटनेने मागणी केली ती इजा-प्रतिबंध केंद्रच बंद करण्याची.

केंद्र वाचले, पण किंमत मोजून. १९९६ मध्ये आर्कान्सॉचे रिपब्लिकन प्रतिनिधी जे डिकी यांच्या पुढाकाराने खर्चाच्या विधेयकात एक अट घालण्यात आली : इजा-प्रतिबंधासाठी सीडीसीला दिलेला पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार वा प्रचार करण्यासाठी वापरता येणार नाही. त्याच वेळी २६ लाख डॉलर बंदूक-संशोधनाकडून काढून मेंदूच्या दुखापतींच्या अभ्यासाकडे वळवण्यात आले. आदल्या वर्षी सीडीसीने बंदुकीच्या इजांवरील संशोधनासाठी नेमकी तेवढीच रक्कम खर्चली होती.

शहाण्याला शब्दाचा मार, तसा हा आकडा होता. अटीत ‘संशोधन’ हा शब्दच नव्हता. पण ‘प्रचार’ म्हणजे काय, याची व्याख्याही नव्हती. घरातील बंदुकीने धोका वाढतो हा निष्कर्ष छापणे म्हणजे प्रचार की विज्ञान? उत्तर अभ्यास संपल्यावरच मिळणार, आणि ते चुकले तर शिक्षा संपूर्ण संस्थेला. शिवाय अमेरिकेत खर्चाचे विधेयक दरवर्षी नव्याने मंजूर होते. म्हणजे ही अटही दरवर्षी पुन्हा लिहिली जाई, आणि सीडीसीला दरवर्षी त्याच लोकप्रतिनिधींपुढे हात पसरावे लागत. अधिकाऱ्यांनी सुरक्षित वाट धरली : या विषयाला हातच लावायचा नाही. रोझेनबर्ग यांना १९९९ मध्ये पद सोडावे लागले. अनुदान आटले तसे तरुण संशोधक अन्य विषयांकडे वळले. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, कारण न झालेल्या अभ्यासाची नोंद कोण ठेवणार?

मृत्यूंची मोजणी तेवढी चालू राहिली. हिंसक मृत्यूंची तपशीलवार नोंद करणारी राष्ट्रीय व्यवस्था एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोजक्या राज्यांत सुरू झाली. ती सर्व ५० राज्यांपर्यंत पोहोचायला २०१८ उजाडले. दरम्यान २००३ पासून ‘टिआर्ट दुरुस्ती’ने गुन्ह्यांत सापडलेल्या बंदुकांच्या मागोव्याची सरकारी माहिती उघड करण्यावर निर्बंध आणले. एनआयएच या आरोग्यसंशोधन संस्थेच्या साहाय्याने फिलाडेल्फियात झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा २०११ च्या अखेरीस डिकींची अट तिलाही लागू करण्यात आली.

कथेतील अनपेक्षित वळण स्वतः डिकी यांचे आहे. एकेकाळचे वैरी डिकी आणि रोझेनबर्ग पुढे मित्र झाले. जुलै २०१२ मध्ये कोलोरॅडोतील ऑरोरा येथे चित्रपटगृहात गोळीबार झाला. त्यानंतर काही दिवसांतच दोघांनी मिळून ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहिला. मोटारींवर बंदी न घालताही संशोधनाच्या बळावर रस्त्यांवरील मृत्यू घटवता आले, मग बंदुकांबाबत तसे का होऊ नये, हा त्यांचा युक्तिवाद. आपल्या कृतीच्या परिणामांचा खेद डिकी यांनी पुढे उघडपणे व्यक्त केला. तोवर ते प्रतिनिधिगृहाबाहेर होते. वाक्य लिहिणे त्यांच्या हाती होते, ते पुसणे नव्हते.

डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ मारले गेले. संशोधन म्हणजे प्रचार नव्हे, असे स्पष्ट करून राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सीडीसीला अभ्यासाचा आदेश दिला आणि १ कोटी डॉलर मागितले. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते दिले नाहीत. कॅलिफोर्निया राज्याने मात्र वाट न पाहता २०१६ मध्ये स्वतःच्या विद्यापीठाला ५० लाख डॉलर मंजूर केले.

डिकी एप्रिल २०१७ मध्ये वारले. पुढच्या वर्षी, पार्कलंडच्या शाळेतील हत्याकांडानंतर, सीडीसीला संशोधनाचा अधिकार आहे असे खर्चाच्या विधेयकासोबतच्या अहवालात लिहून आले. पैसा मात्र आला नाही. तो डिसेंबर २०१९ मध्ये मंजूर झाला : २.५ कोटी डॉलर, निम्मे सीडीसीला आणि निम्मे एनआयएचला. त्याच कायद्यात बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला मनाई करणारे ते जुने वाक्यही कायम होते.