झडलेली बोटे

महारोग्याची बोटे ‘झडतात’ असे आपल्या नगर जिल्ह्यात अजूनही सहज बोलले जाते. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, बोलणे तेच राहिले.) पिकले पान झडावे तसे बोट आपोआप गळून पडते, ही या क्रियापदामागची समजूत होय. ज्याचे अवयव आपोआपच गळणार, त्याला वेशीबाहेर ठेवण्यापलीकडे काय करायचे? इंग्रजांचा १८९८ चा कायदा निर्धन कुष्ठरोग्यांना वेगळे ठेवण्यासाठीच होता. तो २०१६ मध्ये रद्द झाला.

वस्तुतः बोट झडत नाही. हान्सेन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत शोधलेला कुष्ठजंतू हातापायांच्या मज्जातंतूंत शिरतो. त्यामुळे काही स्नायू लुळे पडून बोटे आत वळतात आणि त्वचेची जाणीव हरपते. मोलोकाई बेटावरील संत दामियन यांनी १८८४ मध्ये कढत पाण्यात पाय बुडवला. कातडी भाजली, पण वेदना झाली नाही. रोग आपल्यालाही जडल्याची ती खूण होती. वेदना नसली की जखम कळत नाही, ती चिघळते, हाड झिजते व बोट आखूड होते. अशा आखूड खुंटावर पुष्कळदा नख शाबूत असते. बोट गळून पडले असते तर नख कुठून उरले असते?

हे उकलले ते मुख्यत्वे डॉ. पॉल ब्रँड यांनी. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. निरोगी स्नायूची शीर दुसरीकडे जोडून आत वळलेली बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया त्यांनी कुष्ठरोग्यांवर केली. हात उघडले, माणसे सुतारकाम शिकली. परंतु नव्या जखमा होतच राहिल्या. तेव्हा ब्रँड प्रत्येक जखमेचा माग काढू लागले. गंजलेल्या कुलपात किल्ली पिळताना एका मुलाचे बोट हाडापर्यंत कापले, आणि त्याला पत्ताही नव्हता! काहींची बोटे रात्री झोपेत उंदीर कुरतडत. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरी देण्यात आल्या. शल्यविद्येच्या इतिहासात मांजरीला मिळालेले हे स्थान आम्हांस फार मोलाचे वाटते.

महाराष्ट्रात ही विद्या डॉ. नोशीर अंटिया यांनी रुजवली. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी हे हात दुरुस्त केले. मनगटापाशी एक बारीक शीर असते. ती काढली तरी हाताचे फारसे अडत नाही. तिच्याच बळावर चारही बोटे हलवण्याची पद्धत त्यांनी वापरली. गेलेले बोट मात्र कोणतीही शस्त्रक्रिया परत आणत नाही, आणि हरपलेली जाणीवही सहसा आणत नाही.

म्हणून खरी लढाई घरात लढावी लागते. पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराला बधिर हाताने कोयता धरायचा आहे. किती घट्ट धरला हे हात सांगत नाही. तो गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि फोड येतो. मुठीला कापड गुंडाळले तर तो टळतो. भाकरी तव्यावरून बोटांनी उलटायची सवय सोडून उलथने घ्यावे लागते, आणि पातेले सांडशीने. सुनेच्या हातातली सांडशी पाहून शेजारीण काय म्हणेल, या भयाने किती बोटे गेली असतील! महारोग हे घटस्फोटाचे कायदेशीर कारण होते. ते २०१९ मध्ये वगळले गेले. तोवर ते भय निराधार नव्हते.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधे आज सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. सहा वा बारा महिन्यांत रोग बरा होतो. मज्जातंतू नुकताच दुखावला असेल, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, तर वेगळ्या औषधाने जाणीव पुष्कळदा परत येते. अंगावरचा बधिर चट्टा किंवा करंगळीला आलेला बधिरपणा लपवू नये, तो याचसाठी. ज्यांची जाणीव कायमची गेली, त्यांनी हात रोज पाण्यात भिजवून तेल चोळावे. निजण्यापूर्वी दिव्याखाली दोन्ही तळवे पाहावेत, आणि नजर अधू असेल तर नातवाकडून पाहून घ्यावेत.