मुलाच्या अंगणात गेलेली शाळा

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीत 'ढ' म्हणण्याची रीत जुनी आहे. ब्राह्मी लिपीपासून आजतागायत ज्याचे रूप फारसे पालटले नाही असे ते अक्षर. म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ते नाव मिळाले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. या शिक्क्यामागे एक गृहीत दडलेले आहे : शाळा योग्यच असते, उणीव असते ती मुलात. पर्यायी शाळांचा इतिहास म्हणजे वस्तुतः या गृहीताची उलटतपासणी होय.

मारिया माँटेसरी यांच्या कार्याचा आरंभच मंदबुद्धी समजल्या गेलेल्या मुलांपासून झाला. त्यांच्यासाठी वापरलेल्या साधनांचा अनुभव घेऊनच १९०७ मध्ये रोमच्या कामगारवस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. हा विचार गुजरातेत रुजवला तो गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून ते १९१६ मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर उभे राहिले. छडी आणि घोकंपट्टी यांची जागा गोष्ट, नाट्य, हस्तकाम व मुक्त हालचाल यांनी घेतली. कोणी ऐकून शिकते, कोणी हाताळून, तर कोणी बराच काळ नुसते पाहत राहून. या प्रत्येकाला तेथे अवकाश होता.

राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक याच कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. तथापि, हे शिक्षण शहरी व सुस्थित घरांपुरतेच राहते, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य आरंभले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये विस्तारले.

येथे प्रश्न निराळाच होता. मुले शाळेत येतच नसत. कारण कोणाला गुरे राखायची असत, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड असे. तेव्हा मुलांना दोष न देता शाळेनेच आपला आकार बदलला. ती पाड्यावरच्या अंगणात गेली, तेव्हा अंगणवाडी झाली. गुराख्यांमागे माळावर गेली, तेव्हा कुरणशाळा झाली. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच छपराखाली आले, तीच विकासवाडी. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले आणि खडे पुढे आले. ज्या मुलांना पाटीवरचे अंक परके वाटत, तीच हातातल्या बिया मोजू लागली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. पोषण आणि आरोग्य यांची जोड लाभलेल्या या योजनेचे मोल मोठेच आहे. परंतु नाव सर्वत्र नेता येते, तशी दृष्टी नेता येत नाही. समोरचे मूल कसे शिकते हे आधी पाहावे आणि मग शिकवावे, हा कोसबाडचा धडा कोणत्याही नमुन्याच्या तक्त्यात भरता येत नाही. तो प्रत्येक शिक्षकाला नव्याने गिरवावा लागतो. पर्यायी शाळांनी काही मुलांना आसरा दिला, हे त्यांचे अर्धेच श्रेय. 'ढ' कोण, मूल की शाळा, हा प्रश्न त्यांनी विचारला, हे उरलेले अर्धे; आणि त्याचे उत्तर अद्याप प्रत्येक वर्गाकडून येणे आहे.