वत्सगुल्म ते अजिंठा : एका डोंगररांगेची वाट

१/ वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. पाचव्या शतकात येथील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे कोरविले. राजधानी आणि लेणी आपल्या लक्षात राहतात. दोहोंना जोडणारी डोंगररांग मात्र नजरेतून सुटते.

२/ ही अजिंठ्याची रांग. तिचे पूर्वेकडील फाटे वाशीम जिल्ह्यातून यवतमाळकडे जातात. उत्तरेस पूर्णेचे खोरे, दक्षिणेस पैनगंगेचे. १७ व्या लेण्यात षड्दंत जातकातील हत्ती रंगविले आहेत. चित्रकाराने ते याच रानात पाहिले, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण जनावरांकडे इतक्या बारकाईने पाहणारी माणसे या दरीत वावरत होती, एवढे खरे.

३/ १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला भाव आला. सपाटीवरची गवताळ राने नांगराखाली गेली. जनावरांना डोंगर तेवढा उरला. तेथेही बंदूक होतीच. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशोबानुसार १८७५ ते १९२५ या काळात हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. वाघ मारणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे.

४/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद घातला. पुढे अभयारण्ये झाली : बुलढाण्याचे ज्ञानगंगा सुमारे २०५ चौ. कि.मी., वाशीमचे कारंजा-सोहोळ जेमतेम १८. संरक्षण मिळाले ते तुकड्यांना, रांगेला नव्हे.

५/ जून २०१९ मध्ये टिपेश्वरच्या जंगलातून एक तरुण नर वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून त्याची वाट आपल्याला ठाऊक आहे. शेते, रस्ते, वस्त्या ओलांडत सुमारे ३,००० कि.मी. भटकून तो ज्ञानगंगेत स्थिरावला. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा वाघ अजिंठ्याच्या रांगेतच, पार पश्चिमेकडे, गौताळ्याच्या कॅमेऱ्यात दिसला. तेथे कित्येक दशकांत वाघ नव्हता.

६/ आता हवामान. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, एकूण पाऊस मात्र वाढला नाही. बेसाल्टच्या उतारावर मातीचा थर पातळ. तासाभरात कोसळलेले पाणी मुरत नाही, वाहून जाते. उन्हाळ्यात डोंगरावरचे पाणवठे आटले की जनावर खाली उतरते, आणि खाली शेत असते. मग दोष जनावराचा ठरतो की शेतकऱ्याचा, यावर वाद घालणारे आपण बहुधा दोघांपासूनही दूर राहतो.

७/ डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो वाशीम जिल्ह्यातून जातो. वन्यप्राण्यांसाठी त्यावर काही ठिकाणी उन्नत व भुयारी मार्ग ठेवले आहेत. ज्ञानगंगेत पोहोचलेल्या त्या वाघाला मात्र तेथे वाघीण नव्हती.