गावाकडचा स्टँडअप कॉमेडियन : सुरुवात कशी करावी?

स्टँडअप म्हणजे एकट्यानं माईक धरून लोकांना हसवणं. मराठीला हे अगदीच नवं नाही. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली, तीही मराठवाडी बोलीत.

तालुक्याला रोज कार्यक्रम मिळत नाहीत. गणपती, नवरात्र, गावजत्रा, कॉलेजचं गॅदरिंग हाच हंगाम. बाकीचे महिने शेती किंवा दुसरं काम हाताशी पाहिजेच. आधी दहा मिनिटांचा स्वतःचा मजकूर पक्का करावा. व्हॉट्सॲपवरचे विनोद लोकांनी वाचलेले असतात. मानधन तोंडी न ठेवता लिहून ठरवावं, थोडा इसार घ्यावा. कुणाची जात, व्यंग, घरची बाई यावर हसू मागू नये. टाळ्या मिळतात, पण त्या गावची सुपारी पुन्हा येत नाही.