वस्त्र, व्रत आणि श्रम : नांदेड-लातूर परिसरातील वेशविचार

मनुष्य वस्त्र कशासाठी धारण करतो, या प्रश्नास थंडी, ऊन आणि लज्जा यांच्या निवारणासाठी, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. हे उत्तर खोटे नसले तरी अपुरे होय. गीतेने जीर्ण वस्त्राच्या दृष्टांताने देह व आत्मा यांचा भेद सांगितला. १८३३-३४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘सार्टर रिझार्टस’ या ग्रंथात टॉमस कार्लाइल याने मानवी संस्था व चिन्हे यांनाच वस्त्रे मानून ती जीर्ण होतात, असे प्रतिपादिले. दोन्ही ठिकाणी वस्त्र हा दृष्टांत आहे. मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासात मात्र वस्त्राने दृष्टांताची मर्यादा ओलांडली. ते प्रत्यक्ष आचरणाचा व संघर्षाचा विषय झाले. गावरानी कापसासाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रदेशात तो विषय लोकांच्या उपजीविकेशीही निगडित होता.

वेश ही प्रकट घोषणा होय, ही कल्पना नांदेडला जुन्या काळापासून परिचित आहे. गुरू गोविंदसिंग यांनी १६९९ मध्ये आनंदपूर येथे खालसाची स्थापना केली व १७०८ मध्ये नांदेड येथे त्यांचा देहान्त झाला. खालसाच्या पाच ‘ककारां’पैकी कच्छ हे वस्त्रच आहे. सचखंड हुजूर साहिब येथे आजही दिसणारा निहंगांचा निळा वेश याच परंपरेतील होय. अशा वेशाचे मर्म असे की, धारण करणाऱ्यास जनसमूहात दडून राहता येत नाही. श्रद्धा अंतःकरणात असते. वेश तिला इतरांसमोर उत्तरदायी करतो.

निजामी राजवटीत वेशाला दुसरा अर्थ होता. दरबारात दस्तार आणि बगलूस आवश्यक असत. शेरवानी व रुमी टोपी ही प्रतिष्ठित नागरिकाची खूण समजली जाई. हा पोशाख केवळ एका धर्माचा नव्हता. राज्यसत्तेशी असलेली जवळीक त्यातून व्यक्त होई व अनेक हिंदू अधिकारीही तो वापरीत. त्यामुळे पांढरी खादीची टोपी घालणे ही या संस्थानात साधी आवड राहिली नाही. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, ती १९४६ पर्यंत कायम होती. बंदी असलेल्या संघटनेचा विचार बोलून दाखविण्याआधीच टोपी तो सांगून टाकीत असे.

या दोन प्रवाहांचा संगम स्वामी रामानंद तीर्थ यांच्या ठायी झाला. पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला. धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ते त्या काळी शिक्षक होते. पारंपरिक अर्थाने भगवे वस्त्र हे संसारातून निवृत्त झाल्याचे चिन्ह होय. स्वामीजींनी ते धारण करून स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले आणि कारावास भोगला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, तोपर्यंत निवृत्तीचे वस्त्र मराठवाड्यात लोकप्रवृत्तीचे वस्त्र झाले होते. रंग तोच राहिला. धारण करणाऱ्याच्या कृतीने त्याचा अर्थ पालटला.

तथापि वस्त्रत्याग व साधेपणा हे सर्वांसाठी सारखेच मूल्य ठरते काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरा येथे महात्मा गांधींनी पंचा स्वीकारला. दरिद्री जनतेशी एकरूप होण्याचा तो मार्ग होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसण्याचा आणि जातीची खूण दर्शविणारे दागिने टाकण्याचा उपदेश केला. एकाने वस्त्र कमी केले, दुसऱ्याने पूर्ण वस्त्राचा आग्रह धरला. वरकरणी हा विरोध वाटतो. परंतु ज्याच्यापाशी वस्त्र आहे तोच त्याचा त्याग करू शकतो. ज्याच्यावर हीन वेश लादला गेला, त्याच्यासाठी नीटनेटके वस्त्र हीच मुक्तीची पहिली पायरी होते. मराठवाड्यातील खादीव्रताचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

वस्त्राचा तिसरा संबंध श्रमाशी आहे. नांदेडची उस्मानशाही कापडगिरणी ही सातव्या निजामाच्या नावाने चाललेली होती. तेथे कापडाचा उत्पादक व वापरणारा यांची परस्परांशी ओळख असण्याचे कारण नव्हते. खादीचा विचार नेमका या दुराव्याविरुद्ध होता. स्वामीजी व गोविंदभाई श्रॉफ यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करू लागली. त्यासाठी लागणारे कापड उदगीर येथील केंद्रात विणले जाऊ लागले. संस्थानी काळात बीदर जिल्ह्यात असलेले उदगीर आज लातूर जिल्ह्यात आहे. ज्या प्रदेशात १९४७ मध्ये तिरंगा फडकविणे हा अपराध होता, तेथील विणकरांच्या हातून त्याच तिरंग्याचे कापड निघावे, ही इतिहासातील लक्षणीय घटना होय.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. त्यामुळे ध्वज अधिक घरांपर्यंत पोहोचणे सुलभ झाले, हे मान्य केले पाहिजे. मात्र हातसुताच्या ध्वजात चिन्ह व श्रम यांचा जो एकजीव संबंध होता, तो सैल झाला. ध्वजाचे रंग व आकार कायम राहिले, तरी त्यामागचा विणकर आवश्यक राहिला नाही.

सारांश, वस्त्राचा अर्थ केवळ धाग्यात नसतो व केवळ धारणकर्त्याच्या मनातही नसतो. ते कोणी निवडले, कोणी विणले आणि कोणासमोर धारण केले, या तीन गोष्टींनी तो सिद्ध होतो. खालसाचा वेश, स्वामीजींचे भगवे वस्त्र, महाडचा उपदेश आणि उदगीरचे कापड यांत या तिन्हींचे प्रमाण निरनिराळे आहे. वेशाच्या इतिहासात रंग व तऱ्हा यांच्या नोंदी बऱ्याच आढळतात. निवड आणि श्रम यांचा विचार त्यांच्या जोडीने झाल्यासच मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचे हे अंग पूर्णपणे आकळेल.